कोडबंद कार रेडिओ

कोडबंद कार रेडिओ म्हणजे मोटारीबरोबर कारखान्यातूनच आलेला आणि चोरीला आळा बसावा म्हणून गुप्त अंकांनी बांधलेला रेडिओ संच. बॅटरीची तार काढल्यामुळे किंवा संच डॅशबोर्डातून उपसल्यामुळे त्याची वीज एकदा तुटली, की पुन्हा जोडल्यावर तो वाजत नाही. पडद्यावर ‘कोड’ किंवा ‘सेफ’ असा शब्द दाखवून बहुधा चार अंक मागतो. होंडाच्या अनेक संचांत हे अंक पाच असतात.

१९८०च्या दशकात युरोप-अमेरिकेत उभ्या गाड्यांच्या काचा फोडून रेडिओ पळवण्याचे प्रमाण फार वाढले, त्यावरचा हा उपाय. या कोडला कुलूप म्हणणे खरे तर चुकीचे आहे, कारण संच उपसण्यात कोडमुळे कोणतीच अडचण येत नाही. उपसलेला संच विकण्याजोगा उरत नाही, एवढेच तो करतो. कोड असतो वीज गेली तरी मजकूर धरून ठेवणाऱ्या आठ पायांच्या एका लहान स्मृतिचिपमध्ये, त्यामुळे बॅटरी रात्रभर काढून ठेवल्याने तो पुसला जाईल ही समजूत निराधार आहे.

इंदूरमध्ये एमपी ०९ पाटीची जुनी स्कोडा, फियाट किंवा फोर्ड सांभाळणाऱ्यांना ‘कंपनी फिटेड’ संचच हवा असतो, कारण बाहेरचा संच त्या डॅशबोर्डात शोभत नाही. फोर्डने २०२१ साली भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचे जाहीर केल्यावर तर मोडीत निघालेल्या गाड्यांतील सुट्या भागांवर अशा मालकांची भिस्त वाढणे साहजिकच होते. अशा खरेदीत संचापेक्षा त्याचे कागद मोलाचे ठरतात. मूळ गाडीच्या पुस्तिकेत कोडचे कार्ड असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर संचाचा अनुक्रमांक शोधावा लागतो: फोक्सवॅगन गटाच्या संचांत तो बाहेरच्या पत्र्यावरील लेबलावर असतो, रेनोच्या लेबलावरील एक अक्षर व तीन अंक हाच कोड काढण्याचा आधार असतो, तर होंडाच्या अनेक संचांत १ व ६ ही बटणे दाबून ठेवून संच चालू केल्यास क्रमांक पडद्यावर येतो. हा क्रमांक, गाडीची नोंदणी आणि मालकाचे ओळखपत्र दाखवल्यावर अधिकृत विक्रेता कंपनीच्या नोंदींतून कोड मिळवून देतो.

कोड भरताना घाई महागात पडते. फोक्सवॅगनच्या जुन्या संचांत पडद्यावर ‘१०००’ आल्यावर पहिल्या चार बटणांनी एकेक अंक जुळवतात आणि शोधबटण दाबून धरतात. दोनदा चुकले की संच सुमारे तासभर काहीच स्वीकारत नाही आणि तो तास संच चालू ठेवूनच काढावा लागतो. स्मृतिचिप यंत्राला जोडून कोड वाचून देणारे कारागीरही असतात. मालकी सिद्ध असेल तेथे हे काम सरळ आहे. मात्र चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बिल देण्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याचा स्वस्त संच संशयास्पदच मानावा.

जोडणीत सर्वाधिक घोटाळा दोन तारांचा होतो. संच गाडीच्या तारांना जोडणाऱ्या प्रमाणित खोचणीच्या, म्हणजे आयएसओ कपलरच्या, विजेच्या भागात चौथ्या खाचेत कायमची वीज आणि सातव्या खाचेत चावी फिरवल्यावर येणारी वीज असते. जुन्या फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत या दोन जागा नेमक्या उलट असतात. दुसऱ्या गाडीचा संच तसाच खोचला, तर चावी काढताच त्याची कायमची वीज जाते. मग काहींत लावलेली स्टेशने पुसली जातात आणि कोडबंद संच दर वेळी नव्याने कोड मागतो. असा संच ‘खराब’ म्हणून परत करण्याआधी कायमच्या विजेची पिवळी व चावीच्या विजेची लाल तार अदलाबदल करून पाहावी. दोष पुष्कळदा तेथेच सापडतो. स्पीकरची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला कधीही जोडू नये, कारण अलीकडच्या संचांचा वर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) त्याने जळू शकतो. अँटेनाच्या तळाशी वर्धक असलेल्या गाड्यांत त्याला वीज पोहोचवावी लागते, नाहीतर कोड लागूनही नुसती खरखर ऐकू येते.

परदेशातून आलेल्या संचाची लहरपट्टीही तपासावी. जपानी बाजारासाठीचे जुने संच ७६ ते ९० मेगाहर्ट्झवरच थांबतात, त्यामुळे २००१ साली इंदूरमधूनच सुरू झालेले रेडिओ मिर्चीचे ९८.३ त्यांवर लागत नाही. अमेरिकी संच मध्यमलहरींवर दहा किलोहर्ट्झच्या पावलांनी सरकतो, तर आकाशवाणी इंदूरचा ६४८ हा आकडा नऊच्या पावलांत बसतो.

अलीकडच्या गाड्यांत अंकांची ही पद्धत मागे पडली आहे. तेथे संच गाडीच्या संगणकजाळ्याशी बोलून तिचा ओळखक्रमांक पडताळतो आणि ओळख न पटल्यास गप्प राहतो; ती बंधने विक्रेत्याच्या यंत्रावरून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करून उठवावी लागतात.