ऊन लागलं की आधी अंगावर पाणी

‘नाशिकची हवा थंड’ हे आपण इतकी वर्षं ऐकत आलोय, की इथल्या उन्हाची म्हणावी तेवढी धास्ती आपल्याला वाटत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि पहाटे गोदाकाठी गारवा असतो, हे खरं. पण एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातं ४० अंशांपासूनच हिशेब धरतं. मालेगावकडे तर पारा त्याच्याही पुढे जातो. आणि नेमक्या याच दिवसांत निफाड, चांदवड, येवला, सटाण्याच्या शिवारात उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते.

काढणीचं काम बरेचदा उक्तं दिलेलं असतं, एकरावर भाव ठरवून. जेवढं रान काढून होईल तेवढे पैसे, त्यामुळे सावलीत बसलेला प्रत्येक तास मजुराच्या खिशातून जातो. उन्हाचा त्रास का होतो हे समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

राबताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग उष्णता बनून अंगातच साचतो. एरवी ही उष्णता त्वचेतून हवेत निघून जाते. पण त्वचेचं तापमान असतं साधारण ३५ अंश. हवा त्याहून तापली की हा रस्ता बंद होतो, उलट हवाच अंगाला तापवू लागते. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. टपटप गळून मातीत पडलेला घाम मात्र काहीच थंडावा देत नाही. म्हणून मेच्या अखेरीस ढग येतात, हवा दमट होते, घाम सुकेनासा होतो, तेव्हा पारा दोन-तीन अंशांनी उतरूनही जीव जास्त कासावीस होतो.

शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागातून निफाडच्या शेतांवर आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाच्या कामाला जुंपणं म्हणूनच धोक्याचं. पहिले काही दिवस त्याला हलकं आणि थोडं काम द्यायला हवं. सुट्टी संपवून एकदम भर उन्हात क्रिकेटच्या सरावाला उतरणाऱ्या मुलांचंही तेच.

आता उष्माघाताबद्दल. इथे एक समजूत जीव घेते. माणूस तापलाय असं दिसलं की तापाची गोळी दिली जाते. जंतुसंसर्गात ताप येतो, तेव्हा मेंदूनेच शरीराचं तापमान वर ठरवलेलं असतं. पॅरासिटामॉल मेंदूचा तो निर्णय खाली आणतं, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात मेंदूने काहीच वाढवलेलं नसतं. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते, एवढंच. तिथे गोळी निरुपयोगी, आणि आधीच ताण आलेल्या यकृतावर तिचा भार वेगळा.

उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं. पण शेतात कुणी थर्मामीटर घेऊन फिरत नाही. त्यापेक्षा माणसाकडे बघा. तो असंबद्ध बोलतोय का, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही का, झोकांड्या खातोय का, फिट आलीय का? उन्हात यातलं एक जरी दिसलं तरी उष्माघात समजायचा. ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असं धरून चालू नका. कष्टाच्या कामात उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असतो.

१०८ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत हात बांधून बसू नका. सावलीत घ्या, जादा कपडे काढा आणि विहिरीवरची मोटर चालू करून पाइपाने अंगभर पाणी सोडा. ओल्या अंगावर टॉवेलने, पुठ्ठ्याने, जे हाताला लागेल त्याने वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत धरा. तापमान अर्ध्या तासाच्या आत उतरलं, तर मेंदू आणि मूत्रपिंड वाचण्याची शक्यता खूप वाढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. आणि पाठीवरच्या फवारणी पंपाने पाणी मारायचा मोह टाळा, त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे कांद्याच्या या मुलखात अजूनही श्रद्धेने सांगितलं जातं. खिशातल्या कांद्याने शरीर थंड होण्याचा काही मार्गच नाही. भाकरीबरोबर खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर दुपार काढू नका.

पिण्यासाठी पाणी, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत उत्तम. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी विरघळवली, तर क्षार गरजेहून फार जास्त होतात आणि लहान मुलांना त्याचा अपाय होऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

पण ‘भरपूर पाणी प्या’ म्हणताना आपण एक गोष्ट सोडून देतो. शेतात बायकांना आडोसा नसतो, म्हणून त्या मुद्दाम कमी पाणी पितात. मग लघवी गडद पिवळी होते, जळजळते, उन्हाळी लागते. वारंवार असं होत राहिलं तर मूतखडा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. त्या बायकांना पाण्याचं महत्त्व कळत नाही असं मुळीच नाही. बांधाला चार बांबू रोवून जुन्या शेडनेटचा दुहेरी आडोसा करायला तासभरही लागत नाही. काढणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शेतमालकाने पाण्याच्या जारबरोबर तोही उभा करावा.