स्वाइप जेश्चर : सानुकूलन

स्मार्टफोनच्या पडद्यावर टेकवलेले बोट न उचलता एका दिशेने सरकवणे म्हणजे स्वाइप; बोटाच्या हालचालीने फोनला दिलेल्या अशा खुणेला जेश्चर म्हणतात. अशा स्वाइपने कोणती क्रिया घडावी, तो पडद्याच्या कोणत्या भागातून सुरू झाल्यास ओळखला जावा आणि त्यासाठी बोट किती अंतर सरकलेले असावे, हे वापरकर्त्याने आपल्या सोयीनुसार ठरवणे म्हणजे स्वाइप जेश्चरचे सानुकूलन होय. सूचनापट्टी खाली ओढणे, छायाचित्रे पुढे सरकवणे असे रोजचे वापर सर्वपरिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

या जेश्चरच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. लेखणीने चालणाऱ्या संगणकांसाठी गॉर्डन कुर्टेनबाख व विल्यम बक्स्टन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी टोराँटो येथे रेघेच्या दिशेवरून आज्ञा ओळखणारी पद्धत विकसित केली. साधारण त्याच काळात मेरिलंड विद्यापीठात कॅथरीन प्लेझाँ यांनी स्पर्शपडद्यावरील सरकत्या बटणांचा अभ्यास केला. प्रत्यक्ष फोनवर बोट सरकवून अनलॉक करण्याची सोय निओनोड या स्वीडिश कंपनीच्या एन१एम या फोनात २००४ च्या सुमारास दिसते. अॅपलने अशाच कल्पनेसाठी डिसेंबर २००५ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि पुढे त्यावरून अनेक देशांत खटले चालले. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये संबंधित पेटंट अवैध ठरवले. अमेरिकेतील संघीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निओनोड व प्लेझाँ यांच्या कामाचा एकत्रित आधार घेऊन तोच निष्कर्ष काढला होता. मात्र त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो फिरवला. हा तपशील पाहता एकच जनक शोधण्यापेक्षा क्रमाक्रमाने झालेल्या घडणीचे मत अधिक ग्राह्य वाटते.

सानुकूलनाची गरज मुख्यतः फोनवरील ‘मागे’, ‘मुख्य पडदा’ अशी बटणे नाहीशी झाल्यावर निर्माण झाली. पाम प्री (२००९) आणि नोकिया एन९ (२०११) या फोनांनंतर आयफोन टेन (२०१७) व अँड्रॉइड १० (२०१९) यांमुळे मागे जाणे, मुख्य पडद्यावर येणे ही कामे स्वाइपकडे आली. अँड्रॉइडमध्ये पडद्याच्या दोन्ही कडांवरून आत केलेला स्वाइप ‘मागे’ जाण्यासाठी राखीव झाला. परंतु अनेक अॅपमधील बाजूची मेनूपट्टीही त्याच कडेवरून उघडत असे. यावर उपाय म्हणून कडेचा काही भाग या जेश्चरमधून वगळण्याची मुभा अॅपना देण्यात आली, पण तिला प्रत्येक कडेमागे उभ्या दिशेने २०० डीपी (पडद्यावरील अंतर मोजण्याचे अँड्रॉइडचे एकक) एवढी मर्यादा घातली. १६० डीपी म्हणजे सुमारे एक इंच असे मानले जात असल्याने ही लांबी साधारण तीन सेंटिमीटर भरते. वापरकर्त्याच्या हाती मात्र फक्त संवेदनशीलतेची सरकपट्टी आली. अँड्रॉइड ११ पासून डाव्या व उजव्या कडेसाठी ती वेगवेगळी ठेवता येते. आयफोनवर मुख्य पडद्याकडे नेणारा स्वाइप दुसऱ्या कामाला लावता येत नाही, आणि एकंदर निर्मात्यांचा कल संचाराचे, म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेणारे, जेश्चर आपल्या ताब्यात ठेवून अॅपच्या आतील जेश्चर मोकळे सोडण्याकडे दिसतो.

याला ठळक अपवाद सॅमसंगच्या ‘वन हँड ऑपरेशन प्लस’ या अॅपचा. त्यात प्रत्येक कडेवर आडवा, तिरका वर व तिरका खाली असे तीन स्वाइप असून, लांब व आखूड असा भेद केल्यास एका कडेला सहा क्रिया जोडता येतात. इतर विकासकांची अशी अॅप कडेवर अदृश्य पट्टी ठेवतात आणि ‘मागे’ जाण्यासारखी आज्ञा अॅक्सेसिबिलिटी सेवेमार्फत (अपंग वापरकर्त्यांच्या मदतीसाठी अँड्रॉइडमध्ये असलेल्या सोयीमार्फत) देतात. ही परवानगी मिळालेल्या अॅपला पडद्यावरील मजकूरही वाचता येऊ शकतो, म्हणून ती विश्वासार्ह अॅपलाच द्यावी.

ईमेल अॅपमध्ये डावीकडील व उजवीकडील स्वाइपला संग्रहित करणे, हटवणे, वाचलेले म्हणून खूण करणे यांपैकी क्रिया जोडण्याची सोय सर्रास आढळते.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी पडदावाचक (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) चालू असताना बहुतेक काम जेश्चरवरच चालते. उदाहरणार्थ, एका बोटाने उजवीकडे स्वाइप केल्यास पुढचा घटक वाचला जातो. आयओएस १३ (२०१९) पासून व्हॉइसओव्हर या आयफोनवरील पडदावाचकाच्या आज्ञा वेगळ्या जेश्चरना जोडता येतात, तर अँड्रॉइडच्या टॉकबॅक या पडदावाचकामध्ये अँड्रॉइड ११ पासून अनेक बोटांचे स्वाइपही उपलब्ध आहेत.