रावालोमानाना की राजोएलिना? दोघांच्या रेडिओची गल्लत

मादागास्करचा विषय निघाला की कुणीतरी 'तो रेडिओवाला राष्ट्राध्यक्ष' म्हणतं आणि दोन माणसांची चरित्रं एकात कालवून टाकतं. मार्क रावालोमानाना आणि आंद्री राजोएलिना. दोघेही उद्योजक, दोघेही राजधानी अंतानानारिव्होचे महापौर, दोघेही तिथूनच राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोघांच्याही मालकीचा रेडिओ-टीव्ही. एकदा गल्लत होणं समजू शकतं. पण तीच पुन्हा पुन्हा वाचून मी वैतागलो आहे.

वयाचा फरक लक्षात ठेवायला सोपा: रावालोमानाना १९४९ चे, राजोएलिना १९७४ चे. राजोएलिना तर ऑक्टोबर २०२५ मध्ये लष्कराने त्यांच्याकडून सत्ता घेतली तेव्हा बातम्यांत होतेच.

खरी चूक रेडिओपाशी होते. रावालोमानाना मुळात दूधवाले. सायकलवरून दही विकता विकता त्यांनी 'टिको' ही डेअरी उभी केली आणि १९९९ मध्ये ते महापौर झाले. 'एमबीएस' हे त्यांचं प्रसारण जाळं म्हणजे या पसाऱ्यातली एक जोडशाखा. ते काढून टाकलं तरी त्यांची कहाणी उभी राहते. म्हणून त्यांना 'रेडिओवाला' म्हणणं मला साफ चूक वाटतं.

राजोएलिनांकडे विकायला दही नव्हतं. तरुणपणी डीजे, मग मोठ्या मैफलींचे आयोजक, मग 'इंजेट' ही जाहिरात फलकांची कंपनी आणि त्यानंतर 'व्हिवा' रेडिओ-टीव्ही. लोकांचं लक्ष वेधणं हाच त्यांचा धंदा. त्याच ओळखीवर डिसेंबर २००७ मध्ये ते महापौर झाले, तेही राष्ट्राध्यक्ष रावालोमानानांच्या पक्षाला हरवून.

पुढच्याच डिसेंबरात परागंदा माजी राष्ट्राध्यक्ष रात्सिराका यांची मुलाखत दाखवली म्हणून सरकारने व्हिवा टीव्ही बंद केला. टिकोचा एखादा कारखाना बंद झाला असता तर तो व्यापारी तंटा ठरला असता. इथे विरोधकाचा आवाजच दाबला गेला, आणि राजोएलिनांना आंदोलनाला आयतं कारण मिळालं. (कोरियाच्या देवू कंपनीला १३ लाख हेक्टर जमीन देण्याच्या बेतामुळे लोक आधीच खवळले होते, हेही विसरू नये.) २६ जानेवारी २००९ ला जमावाने एमबीएस आणि सरकारी प्रसारण केंद्र जाळलं. १७ मार्चला रावालोमानानांनी पद सोडलं आणि लष्कराच्या पाठिंब्याने ३४ वर्षांचे राजोएलिना सत्तेवर बसले. राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदासाठी किमान वय होतं ४०.

'दोघेही रस्त्यावरच्या आंदोलनातूनच सत्तेवर आले' हे वाक्यही मला खटकतं. २००२ मध्ये सत्तेवर आलेल्या रावालोमानानांच्या मागे निदान आदल्या डिसेंबरातली एक निवडणूक होती, निकाल वादग्रस्त असला तरी. २००९ च्या राजोएलिनांना राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणीच मत दिलेलं नव्हतं. ते त्यांना २०१८ मध्ये मिळालं. त्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत समोर रावालोमानानाच होते, आणि ते हरले.