लिहिणारं पोर वाचताना का अडतं?

"सांगितलेला शब्द बरोबर लिहितंय, पण तोच पुस्तकात दाखवला की गप्प बसतंय." शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या पालकांचं हे बोलणं कोल्हापुरात हमखास कानावर पडतं. निदानही तिथंच होतं. पोरगं आळशी आहे, मोबाईलनं डोकं बिघडलंय, नाहीतर नुसतं पाठांतर चाललंय. यातलं पाठांतराचं कधीकधी खरं असतं. 'सी ए टी कॅट' असं तालात म्हणणं म्हणजे पाढाच. पण जे मूल न शिकवलेला शब्द ओठांत पुटपुटत एकेक अक्षर करून कागदावर उतरवतं, त्याला आळशी म्हणणं साफ चूक आहे.

अशी मुलं अपवादही नाहीत. ऑक्सफर्डच्या पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली यांनी १९८० मध्ये दाखवलं, की वाचायला नुकतीच लागलेली इंग्रज मुलं 'बन', 'मॅट', 'लेग' यांसारखे शब्द लिहीत होती, पण त्यांना ते वाचता येत नव्हते. उलट 'स्कूल', 'लाइट' वाचत होती, पण लिहू शकत नव्हती. म्हणजे लिहिताना ती कान वापरत होती आणि वाचताना डोळा. त्याआधी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनाही मुलं वाचायच्या आधी लिहायला लागताना दिसली होती.

असं का होतं? भाकरी मोडणं सोपं, तुकडे जोडून ती अखंड करून दाखवा! लिहिणाऱ्या मुलाच्या तोंडात शब्द आधीच सबंध असतो. विसरला तर पुन्हा म्हणायचा, एकेक आवाज सोडवायचा. वाचणाऱ्याच्या हातात नुसते तुकडे, आणि शब्द कोणता ते अजून माहीत नाही. तिसऱ्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असतं.

शिवाय हे तुकडे खरे नसतातच. हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. 'ड'चा उच्चार स्वराशिवाय करून बघा. जीभ टाळूला लागते, हवा अडते, आणि आवाज फुटतो तो पुढच्या स्वरासकटच. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत अल्विन लिबरमन आणि सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला याचा छडा लावला. बोलताना तोंडाच्या पोकळीत काही कंपनं जास्त घुमतात, त्यांचे आलेख काढले की एकावर एक पट्टे दिसतात. 'डी' म्हणताना त्यातला दुसरा पट्टा वर चढतो, 'डू' म्हणताना तोच खाली उतरतो. आलेखावर दोन उलट रेघा, आणि कानाला मात्र दोन्हीकडं तोच 'ड'! तेवढाच भाग तोडून ऐकवला तर 'ड' ऐकूच येत नाही, पाखरानं चिवचिवावं तसं काहीतरी येतं. म्हणजे व्यंजन शब्दात मण्यासारखं ओवलेलं नसतं, शेजारच्या स्वरात मिसळलेलं असतं. 'क-अ-ट' कितीही भराभर म्हटलं तरी त्याचं 'कॅट' होत नाही, ते यामुळं.

मराठीत अक्षरातच स्वर असल्यानं हे संकट कमी, पण वेगळी मेख आहे. 'करवत' लिहिताना चारही अक्षरांत 'अ' असतो, आपण म्हणतो मात्र 'कर्‌वत्'. मूल वाचतं 'कऽ रऽ वऽ तऽ', आणि आपण काय वाचलं हे त्यालाच उमगत नाही. ऱ्हस्व वेलांटीचंही तसंच. 'कि'मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, आवाज मात्र 'क'नंतर.

एका पहिलीतल्या वहीत वाक्य होतं, 'म्हस दूद देती.' गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पहाटे कान देऊन ऐका, माणसं असंच बोलतात. बाईंनी तिन्ही शब्दांना लाल गोल केले होते. शुद्धलेखन शिकवायचंच, पण या कानाला मी तरी पैकीच्या पैकी देईन.

अशा मुलांचे पालक मग जाहिरातींच्या जाळ्यात सापडतात. 'मध्यमेंदू जागृत करा, डोळे बांधून वाचा!' मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो. डोळ्यांच्या हालचाली, ऐकू आलेल्या आवाजाला प्रतिसाद अशी कामं तो करतो. लिखित शब्द ओळखण्यात महत्त्वाचा भाग असतो तो बहुतेकांच्या डाव्या मेंदूच्या खालच्या-मागच्या बाजूला. आणि पट्टीखाली नाकाशी फट असते, तिथून दिसतं.

घरी करायचं ते फुकटात होतं. मुलानं आज स्वतः लिहिलेलं उद्या त्यालाच वाचायला द्या. एकेक अक्षर बदलत न्या: माळ, टाळ, टाक, नाक, नाच. मधेच 'लिगा', 'टपू' असे निरर्थक शब्द घाला. ब्रायंट-ब्रॅडलींच्या मुलांना अडलेले शब्द अशा यादीत मिसळल्यावर वाचता आले होते, कारण तिथं आकारावरून अंदाज मारणं चालत नव्हतं. इंग्रजीत सुरुवात 'कॅट'नं नको, 'मॅन' किंवा 'सॅम'नं करा. 'म', 'न', 'स' हे आवाज न तोडता लांबवता येतात आणि एकमेकांत सरकतात. केएमटी बसच्या पाटीवर 'रंकाळा' दिसलं तर आपण सांगून टाकू नये, बस सुटेपर्यंत वेळ असतो.

एवढं करूनही काही महिने गाडी तिथंच अडली, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग वाचन-अडचणींच्या तज्ज्ञाला दाखवावं. जाताना मुलाची लिखाणाची वही बरोबर न्यावी, नुसतं प्रगतिपुस्तक नको.