जहाजाच्या पोटातलं परकं पाणी

नवी मुंबईतल्या आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात झुरळांवरून एक बैठक होते. कुणीतरी स्वतःच्या खर्चाने घरात फवारणी करून घेतलेली असते. मग झुरळं डक्टमधून शेजारी जातात, आणि औषधाचा वास विरला की माहेरी परत येतात. शेवटी ठरलेला ठराव होतो: सगळे फ्लॅट, एकच रविवार, एकच ठेकेदार. तरीही एक फ्लॅट कुलूपबंद राहतोच, कारण मालक दुबईत असतात.

आमच्याकडे एक निवृत्त मरीन इंजिनिअर राहतात. अख्खी सोसायटी त्यांना ‘चीफ’ म्हणते. गेल्या बैठकीत ते म्हणाले, “अहो, हिंदी महासागरात आम्ही तीस वर्षं हेच करत होतो. झुरळांच्या जागी शिंपले, एवढाच फरक.” सगळे हसले. मी घरी येऊन वाचायला बसलो आणि लक्षात आलं की माणूस विनोद करत नव्हता.

उरणच्या लोकलने न्हावा-शेवाकडे जाताना जेएनपीएच्या, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदराच्या, क्रेनची रांग दिसते. 1989 साली सुरू झालेलं हे बंदर आता वर्षाला 70 लाखांहून अधिक प्रमाण-कंटेनर हाताळतं. तिथे लागलेल्या जहाजात कंटेनर असतात हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या पोटात समुद्राचं पाणीही असतं, ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. रिकामं किंवा अर्धवट भरलेलं जहाज पाण्यावर उंच तरंगतं, डगमगतं, आणि त्याचा पंखा नीट बुडत नाही. म्हणून तळाशी आणि बाजूंना असलेल्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी ओढून घेतात. याला बॅलास्ट म्हणतात. माल चढवला की तेवढं पाणी बाहेर सोडायचं. कंटेनर जहाजांची ही आवक-जावक थोडीथोडी, सतत चालते. खनिज किंवा तेल न्यायला रिकामं आलेलं जहाज मात्र एका खेपेत हजारो टन पाणी ओतू शकतं. जगभरात दर वर्षी अशा काही अब्ज टन पाण्याचा प्रवास होतो.

पाणी ओढताना टाकीवरची जाळी मासे अडवते. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, शिंपल्यांच्या अळ्या, खेकड्यांची पिल्लं आणि शैवालांचे टणक कवचातले सुप्त बीजाणू मात्र आरामात आत जातात. बहुतेक जीव टाकीतल्या अंधारात मरतात. जे उरतात त्यांतलेही बहुतेक नव्या बंदरात तग धरत नाहीत. पण फेऱ्या इतक्या होतात की कधीतरी एखाद्याचा जम बसतोच.

काळ्या समुद्राचं उदाहरण मला सगळ्यात भयंकर वाटतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा ‘नेमिऑप्सिस’ नावाचा मुठीएवढा पारदर्शक, जेलीसारखा जीव 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोचला, बहुधा बॅलास्टमधून. त्याला खाणारं तिथे कुणी नव्हतं. तो प्लवक खायचा आणि माशांची अंडीही. दशक संपेपर्यंत समुद्रात त्याचा चिखल झाला आणि तिथली अँकोव्हीची मासेमारी कोसळली. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा; मांदेली बाजारातून नाहीशी झाली तर कोळीवाड्यांचं काय होईल, एवढं मनात आणलं की पुरे. (अतिमासेमारी आणि नद्यांतून येणाऱ्या खतांचाही त्यात वाटा होता, सगळं खापर एका जेलीवर फोडणं बरोबर नाही.) पुढे 1997 मध्ये नेमिऑप्सिसलाच खाणारा ‘बेरोए’ नावाचा दुसरा उपरा जीव तिथे आला आणि पहिल्याची संख्या घटली. चोरावर मोर! काळ्या समुद्राभोवतीच्या सहा देशांनी 1992 मध्ये बुखारेस्ट इथे समुद्र वाचवायचा करार केला होता, पण खरी मदत झाली ती या बिनबुलाये पाहुण्याची.

आपल्या बाजूची गोष्ट इतकी नाट्यमय नाही. मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियनकडचा ‘मायटिलॉप्सिस सॅलेई’ हा बोटाच्या पेराएवढा शिंपला 1967 च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात आला, आणि 1970 च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीतही त्याची नोंद झाली. गोडं पाणी, खारं पाणी, मचूळ पाणी, त्याला सगळं चालतं. तो महिन्याभरात वयात येतो आणि खांब, साखळ्या, पाइप यांवर थरावर थर चढवतो. 1999 मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तिथे तो औषधालाही नव्हता. तिथल्या होड्यांच्या गोद्यांना समुद्राच्या बाजूने दरवाजे होते, ही मोठी नशिबाची गोष्ट. दरवाजे लावून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं सगळं मारलं, आणि आधीच बाहेर पडलेल्या नावा शोधून शोधून तपासल्या. शिंपला संपला. ठाणे खाडीला दरवाजा लावता येणार नाही.

चीफचं झुरळांचं गणित इथूनच सुरू होतं. समजा, न्हावा-शेवाने एकट्याने कडक व्हायचं ठरवलं. टाकीतल्या पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय आम्ही थेंबही सोडू देणार नाही, असं म्हटलं. मग जहाज कंपनी दुसरं बंदर बघेल. पाणी तिथे सुटेल, आणि तिथे रुजलेला शिंपला किनाऱ्या-किनाऱ्याने, मचव्यांच्या तळाला चिकटून, आपल्याकडे येईलच. शहाणपणा केला आणि धंदाही गेला. म्हणून प्रत्येक बंदर दुसऱ्याची वाट बघत बसतं.

यावर माणसांनी जी व्यवस्था उभी केली तिचे तीन थर आहेत, आणि ते तिन्ही वेगवेगळ्या गावी बसतात.

पहिला थर लंडनमध्ये. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने म्हणजे आयएमओने 13 फेब्रुवारी 2004 रोजी बॅलास्ट पाण्याचा करार मंजूर केला. तो अमलात यायला 8 सप्टेंबर 2017 उजाडला. इतका उशीर का? अट अशी होती की किमान 30 देशांनी सही करावी, आणि त्यांच्या झेंड्याखाली जगातल्या व्यापारी जहाजांची 35 टक्के क्षमता असावी. देश केव्हाच जमले. टक्के जमेनात, कारण पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं अशा मोजक्या देशांकडे जहाजांच्या नोंदणीचे डोंगर आहेत. शेवटी फिनलंड आत आला तेव्हा आकडा 35 च्या जेमतेम वर गेला. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने सहभागाला 2015 मध्ये मंजुरी दिली.

या करारातले आकडे मला फार आवडतात, कारण ते मोजता येतात. इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी म्हणजे एक घनमीटर. खाडीच्या तेवढ्या पाण्यात बारीक जीव हजारांनी सापडतात. करार म्हणतो, जहाजाने सोडलेल्या एका टाकीभर पाण्यात 50 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव 10 पेक्षा कमी हवेत. त्याहून लहान, 10 ते 50 मायक्रॉनचे जीव एका मिलिलिटरमध्ये 10 पेक्षा कमी. कॉलऱ्याचे जिवाणू, ई-कोलाय यांच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. त्यासाठी जहाजावर यंत्रणा बसवावी लागते: आधी बारीक गाळणी, मग अतिनील किरण, किंवा समुद्राच्याच मिठापासून विजेने बनवलेलं क्लोरीन. तोवर सोपा उपाय होता तो खोल समुद्रात पाणी बदलण्याचा. किनाऱ्यापासून शक्यतो 200 सागरी मैल दूर, जिथे समुद्र किमान 200 मीटर खोल आहे तिथे टाक्या उपसून पुन्हा भरायच्या. किनाऱ्यावरचे जीव खोल समुद्रात जगत नाहीत, आणि खोल समुद्रातले किनाऱ्यावर. 8 सप्टेंबर 2024 पासून ही सवलत बंद झाली आणि सगळ्यांना यंत्रणेची अट लागू झाली.

दुसरा थर गोव्यात. तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. 1978 मध्ये ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटलं आणि युरोप खवळला. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्याने तपासणी करावी, हा जुना रिवाज; पण झेंड्याचा देश हजारो मैल दूर. म्हणून 1982 मध्ये 14 युरोपीय देशांनी पॅरिसमध्ये ठरवलं की जहाज ज्या बंदरात येईल त्या बंदरानेच ते तपासायचं, आणि निकाल एकमेकांना कळवायचे. मग टोकियो, कॅरिबियन, भूमध्य समुद्र, काळा समुद्र अशा जोड्या जुळत गेल्या. हिंदी महासागराचा सामंजस्य करार 1998 मध्ये प्रिटोरियात झाला, 1 एप्रिल 1999 पासून लागू झाला, आणि त्याचं सचिवालय गोव्यात आहे. ऑस्ट्रेलिया, इराण, श्रीलंका, केनिया, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, ओमान अशी एरवी एका पंगतीत न बसणारी मंडळी त्यात आहेत.

चीफच्या भाषेत याला ‘पीएससी’ म्हणतात, म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोल, आणि ‘डिटेन्शन’ (जहाज बंदरात अडकवून ठेवणं) हा शब्द ते अजूनही आवाज खाली आणून उच्चारतात. सर्व्हेयर जहाजावर चढतो, प्रमाणपत्र बघतो, बॅलास्टची नोंदवही चाळतो: कुठे भरलं, कुठे सोडलं, अक्षांश-रेखांश, वेळ, सही. गरज वाटली तर टाकीतून नमुनाही घेता येतो, पण तपासणीच्या नावाखाली जहाज विनाकारण लटकवून ठेवायचं नाही, हेही बॅलास्टच्या करारातच लिहिलंय. दोष सापडला तर तो सामाईक माहितीसाठ्यात चढतो, आणि पुढचं बंदर जहाज येण्याआधीच कान टवकारतं. “वहीत आदल्या रात्री सगळं एकाच पेनाने लिहिलंय, हे त्यांना लगेच कळतं,” चीफ म्हणाले. कसं कळतं हे त्यांना स्वानुभवाने माहीत असावं, असा माझा अंदाज आहे.

या व्यवस्थेतलं एक कलम मला सगळ्यात हुशार वाटतं. ज्या देशाने करारावर सही केली नाही त्याच्या जहाजालाही करारातल्या बंदरात जास्त सवलत द्यायची नाही. सही न करण्याचा फायदाच काढून घेतला. आमच्या सोसायटीच्या नियमावलीत असं काही असतं तर दुबईच्या मालकांनी किल्ली केव्हाच वॉचमनकडे ठेवली असती.

दुबईवरून आठवलं, आखाती देशांची समुद्राच्या पर्यावरणासाठी स्वतःची संस्था आहे. 1978 च्या कुवेत करारातून ‘रोपमे’ उभी राहिली: इराण, इराक, सौदी, कुवेत, बहरीन, कतार, अमिरात, ओमान. पुढे त्यांच्यातच आठ वर्षांचं युद्ध झालं, पण संस्था मोडली नाही. 2009 च्या नोव्हेंबरपासून त्यांनी आयएमओच्या साथीने नियम लावला: बाहेरून येणाऱ्या जहाजाने आखातात शिरण्याआधी खोल समुद्रात बॅलास्ट बदलून यावं. न्हावा-शेवाहून जेबेल अलीला जाणाऱ्या जहाजालाही तो आला. तेव्हा जागतिक करार लागू व्हायला आठ वर्षं बाकी होती.

तिसरा थर बाहेरच्या भागीदारांचा: पैसा आणि पद्धत. 2000 मध्ये जागतिक पर्यावरण सुविधा, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि आयएमओ यांनी ‘ग्लोबॅलास्ट’ नावाचा प्रकल्प काढला. ब्राझील, चीन, भारत, इराण, दक्षिण आफ्रिका, युक्रेन या सहा देशांत एकेक बंदर निवडलं, भारतातून मुंबई. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांत पायाभूत सर्वेक्षण केलं. धक्क्याचे खांब खरवडले, तळाचा गाळ आणि पाणी गोळा केलं, आणि कोणते जीव आहेत त्यांची यादी केली. हे काम कंटाळवाणं, पण त्यावाचून सगळं अडतं. आधी काय होतं ते माहीत नसेल तर नवं काय आलं हे कसं सांगणार? मुंबईच्या बंदरात शतकानुशतकं परदेशी गलबतं येत आहेत, त्यामुळे कित्येक जीव इथलेच की कधीकाळी आलेले, हे ठरवता येत नाही. शास्त्रज्ञ त्यांना सरळ वेगळ्या यादीत टाकतात. बाहेरच्या पैशाबद्दल माझ्या मनात शंका असतात. प्रकल्प संपला की अहवाल कपाटात जातो. पण इथे सहा देशांत जवळपास एकाच पद्धतीने खांब खरवडले गेले, म्हणून इराणच्या खार्ग बेटाची यादी मुंबईच्या यादीशेजारी ठेवता येते.

दक्षिण आशियाचं चित्र गमतीशीर आहे. सार्कची शिखर परिषद 2014 च्या काठमांडूनंतर झालेली नाही. पण कोलंबोतली ‘सासेप’ ही 1982 पासूनची पर्यावरण संस्था सुरू आहे, आणि तिच्या सागरी कार्यक्रमात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव एकत्र आहेत. तेलगळतीच्या वेळी एकमेकांना कसं कळवायचं आणि मदत कशी मागायची, याची योजना तिने आयएमओच्या मदतीने केली. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं आदळली, तेल उरणच्या किनाऱ्यापर्यंत आलं, कंटेनर पाण्यात तरंगत राहिले आणि दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प झाली. ते आठवणाऱ्यांना अशा योजनेची किंमत सांगावी लागत नाही. नेते एकमेकांशी बोलत नसले तरी दोन तटरक्षक दलांकडे एकमेकांचा फोन नंबर असतो.

2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पॅरिस आणि टोकियो गटांनी मिळून फक्त बॅलास्टवर खास तपासणी मोहीम घेतली. चीफना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “टाकीत सगळे बघतात. बुडाला काय चिकटलंय ते कोण बघतो?” मुद्दा बरोबर आहे. विशाखापट्टणमचा शिंपला टाकीतून आला की जहाजाच्या तळाला चिकटून, हे खात्रीने सांगता येत नाही, आणि तळाबद्दल आयएमओच्या 2011 च्या आणि 2023 मध्ये सुधारलेल्या सूचना बंधनकारक नाहीत. तळ पाण्यातच खरवडला तर सुटलेले जीव तिथेच जिवंत राहतात, म्हणून काही बंदरं त्याला मनाई करतात.

दिवाळे गावाच्या जेट्टीवर ओहोटीला एक जण होडी कलती करून तळ साफ करत होता. पत्र्याच्या तुकड्याने कालवं आणि बारीक शिंपले खरवडून तो पायाने बाजूला सारत होता. मी विचारलं, “दादा, यातले नवे कुठले?” त्याने एक शिंपला उचलला, उलटसुलट केला आणि चिखलात टाकला. “आमच्या आज्याला विचारायला हवं होतं,” तो म्हणाला, “तो असता तर.”