छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (व्हीटी)

मुंबईतलं मध्य रेल्वेचं मुख्य टर्मिनस आणि मध्य रेल्वेचं मुख्यालयसुद्धा. अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पाटीवर सीएसएमटी, पण फोर्टात जाणाऱ्या टॅक्सीवाल्याला आजही नुसतं "व्हीटी" म्हटलं तरी पुरतं, आणि त्याच्याही आधीच्या पिढीचे लोक बोरीबंदर म्हणायचे.

या बोरीबंदरावरूनच १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमाराला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली, १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. तेव्हा ही इमारत वगैरे काही नव्हती, स्टेशन अगदी साधं होतं. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी कंपनीचा कारभार वाढला, कापसाच्या व्यापारामुळे मुंबईत पैसा आला आणि कंपनीला आपल्या तोऱ्याला शोभेल असं ऑफिस हवंसं वाटायला लागलं. हो, ऑफिस. कारण आपण ज्याचे फोटो काढतो तो घुमट, ते मनोरे, त्या कमानी, हे सगळं मुळात कंपनीचं मुख्यालय आहे, गाड्या त्याच्या बाजूच्या शेडमध्ये लागतात. घुमटाच्या बरोबर खाली फलाट नाही, साहेबलोकांच्या ऑफिसात जायचा दगडी जिना आहे, भिंतीतून बाहेर काढलेल्या पायऱ्यांचा, खाली खांब नाही. रोज लाखो माणसं या इमारतीच्या कुशीतून जातात पण तो जिना बघितलेला माणूस विरळाच.

डिझाईन फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचं. हे १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला हिंदुस्थानात आले, सुरुवात पुण्यात, मग मुंबई. व्हीटीचं काम मिळाल्यावर युरोपातली मोठी स्टेशनं बघून आले. काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, खर्च १६ लाख १४ हजार रुपये. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव पडलं. स्टीव्हन्सच्या हाताखाली असिस्टंट इंजिनीअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, हे नाव मात्र कुणी फारसं घेत नाही.

शैलीला व्हिक्टोरियन गॉथिक म्हणतात, त्यात इटालियन गॉथिकची झाक आणि वर आपल्याकडच्या राजवाड्यांसारखे छोटे घुमट आणि टोकदार कमानी. लंडनच्या सेंट पँक्रासशी तुलना नेहमी होते, ती काही प्रमाणात बरोबर आहे, पण तिथे असा घुमट नाही. मधला घुमट आठकोनी, दगडाच्या फासळ्या एकमेकींत खाचा करून बसवलेल्या, आणि तो चढवताना खालून आधाराचा सांगाडा लावला नव्हता असं नोंदवलेलं आहे. टोकावर एक बाई उभी आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. ती कुठली देवी नाही, ती "प्रगती". हा पुतळा आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह-वाघ थॉमस अर्प या शिल्पकाराचे. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, दोघं सारख्याच मापाचे आणि सारख्याच उंचीवर बसवलेत, राज्य कुणाचं होतं ते बघता हे जरा गमतीचंच.

खरी मजा बारीक कामात आहे. बरीचशी नक्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केली. मोर, माकडं, पानंफुलं, पावसाचं पाणी लांब फेकायला काढलेली जनावरांची तोंडं. दर्शनी भिंतीवर दगडी चेहरे आहेत, त्यात कंपनीच्या गोऱ्या साहेबांबरोबर जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट हेही आहेत. राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर काढला, तो कोनाडा आता रिकामा आहे. प्रवाशांच्या वाट्याला या थाटातलं एकच दालन आलं, लोकलचं तिकीटघर. त्याला स्टार चेंबर म्हणतात, कारण छतावर सोनेरी चांदण्या रंगवल्यात. रांगेत उभं असताना मान वर केली तर दिसतात, पण तेव्हा आपलं लक्ष इंडिकेटरवर असतं.

पुढचं थोडक्यात. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, हार्बर मार्गाने. गर्दी वाढली तशी १९२९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी शेजारी वेगळी इमारत झाली, ती सोयीची आहे पण दिसायला अगदी सपाट. आज एकूण १८ फलाट, पहिले सात लोकलचे. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला या मेल-एक्स्प्रेसच्या हॉलमध्येच झाला, स्टेशनात ५८ माणसं गेली. अनाउन्सर विष्णू झेंडे माईकवरून लोकांना सतत बाहेर पडायला सांगत राहिले म्हणून कितीतरी जण वाचले.

नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, "महाराज" २०१७ मध्ये जोडलं गेलं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००४ मध्ये आलं.

स्टीव्हन्सनी नंतर समोरची महापालिकेची इमारत केली, चर्चगेटचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही त्यांचंच. १९०० मध्ये ते मुंबईतच मलेरियाने वारले. शिवडीच्या दफनभूमीत पुरलंय, म्हणजे एक नंबर फलाटावरून हार्बर पकडली की सहावं स्टेशन.