जस्त इतक्या उशिरा का हाती आलं?

तांबं, शिसं, कथील, लोखंड हे धातू माणसाने हजारो वर्षांपूर्वी भट्टीतून काढले. जस्ताला मात्र फार वेळ लागला. त्याचं खनिज काही दुर्मीळ नव्हतं. कोळसा होता, हवी तेवढी आच देणाऱ्या भट्ट्याही होत्या. अडलं होतं ते आचेच्याच स्वभावामुळे.

खनिजातून धातू काढताना आच दोन कामं करते. पहिलं रासायनिक: कोळसा खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. दुसरं काम अवस्था बदलण्याचं, म्हणजे धातू वितळवण्याचं. शिसं किंवा तांबं वितळून भट्टीच्या तळाशी साचतं, कारागीर ते काढून घेतो. जस्ताच्या ऑक्साइडमधून धातू सुटायला साधारण १००० अंश सेल्सिअसची आच लागते, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे ते मोकळं होतं तेच मुळी वाफेच्या रूपात. या वाफेला हवा लागली की ती पेट घेते आणि पुन्हा ऑक्साइडची पांढरी भुकटी होते. भट्टी निवल्यावर तळाशी पाहावं तर काहीच नाही.

कारागिरांनी यातून आधी पळवाट काढली. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवायचे. वाफ बाहेर जाण्याऐवजी तांब्यात मुरते आणि पितळ तयार होतं. कित्येक शतकं जगात पितळ असंच बनत होतं, जस्त कुणाच्या नजरेलाही न पडता. पण या पद्धतीने तांब्यात साधारण २८ टक्क्यांच्या वर जस्त मुरत नाही. तक्षशिलेला सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या एका भांड्यात ते सुमारे ३४ टक्के आढळलं, म्हणून शुद्ध जस्त तेव्हाच माहीत होतं असं काही अभ्यासक म्हणतात. एकट्या भांड्यावर एवढा मोठा निष्कर्ष उभा करावा असं मला वाटत नाही. त्याहून भक्कम पुरावा उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरांत आहे.

त्या गावाचं नाव जावर. १९८०च्या दशकात हिंदुस्तान झिंक, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून तिथे उत्खनन केलं, तेव्हा आतल्या मुशींसकट जुन्या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. मूस मातीची, वांग्याच्या आकाराची, तोंडाला लांब नळी. आत भाजलेलं खनिज आणि कोळसा यांच्या गोळ्या भरायच्या, नळीतून एक काडी आत खुपसायची आणि मूस चक्क उलटी टांगायची. एका भट्टीत अशा ३६ मुशी, सहा-सहाच्या रांगांत. काडीमुळे उलट्या मुशीतला माल खाली सांडत नसे. आच वाढली की काडीच जळून जाई आणि वाफेला उतरायला वाट मोकळी होई. एका काडीकडून अशी दोन कामं करून घेणाऱ्या त्या अनाम माणसापुढे मी तरी हात जोडतो.

भट्टीचे कप्पे दोन. वरच्यात जाळ, खालचा थंड, मध्ये छिद्रं पाडलेल्या भाजक्या मातीची फरशी. मुशींच्या नळ्या छिद्रांतून खाली उतरलेल्या. वर ११०० अंशांच्या आसपास आच, तिथे रासायनिक क्रिया व्हायची; खाली निवलेल्या, हवेपासून राखलेल्या जागेत वाफेचं द्रव जस्त होऊन ठिबकायचं. एकाच आचेत गुंतलेली दोन कामं त्यांनी दोन मजल्यांवर वेगळी केली. साधारण बाराव्या शतकापासून पुढे हे मोठ्या प्रमाणावर चालू होतं. वापरून टाकलेल्या मुशी इतक्या साचल्या की गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंती उभारल्या.

‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या, म्हणजे पारा आणि धातूंवरच्या जुन्या विद्येच्या, ग्रंथातही वांग्याच्या आकाराची मूस आहे. ज्वाळा निळी होती ती पांढरी झाली की पुढची कृती करावी, अशी खूणही त्यात दिली आहे. कार्बन मोनॉक्साइड निळा जळतो आणि जस्ताची वाफ पेटली की पांढरा धूर होतो, हे आज आपण सांगू शकतो. त्यांनी ते नुसतं डोळ्यांनी टिपलं होतं. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ छापला, त्यामुळे तो अभ्यासकांना सहज मिळू लागला.

युरोपात बराच काळ जस्त पूर्वेकडून जहाजांनी जाई. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त काढण्याचं पेटंट घेतलं, त्याचीही रीत वाफ खाली उतरवण्याचीच. बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४६ मध्ये बंद पात्रात कोळशाबरोबर खनिज तापवून जस्त वेगळं केलं. गंमत अशी की ऑक्सिजन अजून कुणाला माहीत नव्हता आणि जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाचा सुप्त उष्णतेचा, म्हणजे तापमान न वाढवता नुसती अवस्था बदलण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेचा, विचारही पुढच्या दशकांतला.

जावरच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत विझल्या. त्याआधी मेवाडवर झालेल्या स्वाऱ्यांत मराठी फौजाही होत्या, खंडणीने ते राज्य पिळून निघालं होतं. मग १८१२च्या सुमारास दुष्काळ पडला. आपल्या इतिहासात त्या मोहिमा वाचताना ही बाजूही आपण वाचली पाहिजे.

आज बहुतेक जस्त विजेने, द्रावणातून काढतात. तिथे वाफेचा प्रश्नच येत नाही. पण विसाव्या शतकात झोतभट्टीतून, म्हणजे हवेचा जोरदार झोत सोडून तापवलेल्या भट्टीतून, जस्त काढायची पद्धत निघाली तेव्हा तोच पेच पुन्हा समोर आला. वाफ सावकाश निवली तर भट्टीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिचं परत ऑक्साइड होई. उपाय निघाला वितळलेल्या शिशाचे तुषार वाफेवर उडवून तिला क्षणात थंड करण्याचा. या पद्धतीचा कारखाना १९९१ मध्ये चित्तोडगडजवळ चंदेरियाला सुरू झाला.